बैठकीचा मान

गाण्याच्या जलशाची जुनी हस्तपत्रिका कुठे हाती लागली, की ती मी खालून वर वाचतो. वर ठळक टायपात गवयाचे नाव असते, त्याचे घराणे असते, दरबार असेल तर दरबारही असतो. अगदी तळाशी, तिकिटांच्या दराच्या आसपास, तबला आणि पेटीची साथ आहे एवढे कळविलेले असते. पुष्कळदा साथ करणाराचे नाव नसतेच. ज्याने चार तास मांडी न मोडता ठेका धरला, समेवर येताना गवयाला शंभर वेळा सांभाळून घेतले, त्याची नोंद सतरंज्या आणि गॅसबत्त्या यांच्याच जातीची. तालवादकांचे स्वागत ह्या विषयाचा इतिहास लिहावयाचा तर तो हारतुऱ्यांचा होऊ शकत नाही. माणसाला उभे केले की बसविले, आणि बसविले तर कोठे, एवढ्याच गोष्टीचा तो इतिहास आहे.

आपल्या मुलखात चर्मवाद्याला मान नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. मान होता, भरपूर होता. मराठी राज्यात सरदाराला जरीपटका मिळे, नौबत मिळे. कोणाच्या दारी चौघडा झडतो यावरून त्याचा दर्जा ठरे. देवस्थानांना नगारखाने होते आणि त्यांच्या खर्चाची तरतूद सनदांतून केलेली असे. पण हा सारा मान नगाऱ्याच्या मालकाचा. टिपरू ज्याच्या हातात, त्याला पोटगी मिळायची. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर लगेच, उभे राहिले. अशा ठिकाणची जुनी दप्तरे चाळणाराला वतने, हक्क, तंटे, देणी-घेणी यांचा केवढा तरी पसारा सापडतो. मात्र नौबत वाजविणारा कोणत्या चालीने वाजवीत होता, हे सांगणारा कागद मिळणे कठीण. कागद करणाराला त्याची गरज भासली नाही. ढोल्या-नगारच्याची बखर कोणी लिहावी?

तबल्याची गोष्ट याहून निराळी नाही. अमीर खुस्रोने पखवाज मधोमध तोडला आणि तबला झाला, ही दंतकथा अजून शाळकरी पुस्तकांतून फिरते. खरे पाहता आजचा तबला-डग्गा अठराव्या शतकात दिल्लीच्या आसपास घडला, आणि त्याचे पहिले मोठे नाव सिद्धारखाँचे मानतात. त्या शतकातली आणि त्यापुढची चित्रे पाहावी. मध्ये नर्तकी आहे, मागे सारंगिया आणि तबलजी. दोघेही उभे. वाद्ये कमरेला बांधलेली. धनी गादीवर लोडाला टेकलेला, आणि तालाचा सारा भार ज्याच्या कमरेवर तो रात्रभर पायांवर. ‘तबलजी’ ह्या शब्दाला जी एक हलकी छटा चिकटली, ती त्या उभे राहण्यातूनच आली असावी असे मला वाटते. पुढे ‘तबलावादक’ हा शब्द रुळला तो हीच छटा झटकण्याकरिता.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. वारकऱ्यांच्या दिंडीत मृदंगी उभाच असतो, मृदंग गळ्यात असतो, आणि तो नुसता उभा नव्हे, चालतो. आमच्या खानदेशातून मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगराहून निघते आणि महिनाभराच्या वाटचालीने पंढरपुरास पोहोचते. सगळ्या वाटेवर मृदंगाची थाप दिंडीला पावले पुरविते. त्या उभे राहण्यात कमीपणा नाही, कारण तेथे बसलेला कोणीच नसतो. गादीच नसली की उभे राहणे खुपत नाही.

पखवाजाने बैठक लवकर मिळविली, कारण तो ध्रुपदाबरोबर दरबारात शिरला. वाईजवळच्या मुलखातले नाना पानसे वडिलांपासून शिकले, पुण्यास शिकले, काशीस जाऊन शिकले आणि अखेर इंदुरास होळकरांच्या आश्रयाला राहिले. उत्तरेत त्या काळी कुदऊसिंहांच्या जोरकस, गडगडाटी वादनाचा दबदबा होता. नानांचा हात गोड, बोल सुटे आणि बांधणी हिशेबी. त्यांनी शिष्य तयार केले ते मोकळ्या हाताने. विद्या लपवून ठेवण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. इंदूर आणि खानदेश यांच्यामध्ये सातपुडा आहे खरा, पण विद्येला तो आडवा आला नाही. तापीकाठचे बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी. आज ते मध्य प्रदेशात मोडते, तरी जळगाव जिल्ह्याच्या शिवेपासून ते हाकेच्या अंतरावर आहे. ह्याच गावचे नाव लावणारे गोविंदराव बुऱ्हाणपूरकर पानशांच्या परंपरेतले थोर पखवाजी झाले. त्यांनी मृदंग-तबल्यावर पुस्तके लिहिली, आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. खानदेशच्या माणसाने केळी आणि कापूस यांच्याइतका ह्या नावाचाही अभिमान बाळगायला हरकत नव्हती. बाजारात मात्र ते नाव फारसे ऐकू येत नाही.

नाटकाची गोष्ट आणखी जवळची. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा लहानपणी जळगावला नातलगांकडे होता, आणि गाण्याचे त्याचे पहिले धडे येथेच मेहबूबखाँकडे झाले. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. नाटक मंडळीने नट थोर असावा एवढ्यावर न थांबता साथीदारही थोर आणले, हा बालगंधर्वांचा खरा रसिकपणा. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा! मुनीरखाँचा हा शिष्य स्वतंत्र वादनाला बसला तर अख्खी रात्र अपुरी पडावी. तो नाटकातल्या पदामागे ठेका धरीत होता. रंगमंचापुढच्या त्या अंधाऱ्या जागेत बसून थिरकव्यांनी जे केले, त्याने महाराष्ट्राचा कान घडविला. साधा मध्यमवर्गी प्रेक्षक पदाला वन्समोअर देता देता तबल्यालाही दाद द्यायला शिकला. थिरकव्यांना 1970 मध्ये पद्मभूषण मिळाले. तोवर ते जवळजवळ ऐंशीचे झाले होते.

दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या कामात पखवाजी गुरुदेव पटवर्धन होते, आणि तालाची विद्या छापील पुस्तकात उतरविण्याचा उद्योग त्यांनी तेव्हाच केला. त्याचा परिणाम दूरवर झाला. तबला हा वर्गात बसून शिकण्याचा, परीक्षा देण्याचा विषय बनला. आज जळगाव-धुळ्याचीही मुले तबल्याच्या परीक्षांना बसतात. त्यांना मुखडा, मोहरा, कायदा, रेला यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. हात चालतो की नाही, हा प्रश्न परीक्षकाचा. पण आईबाप पोराला तबल्याच्या क्लासला स्वतः पोचवितात, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या कोणाला खरी वाटली नसती.

दक्षिणेने आपल्याला ह्या बाबतीत मागे टाकले. मद्रासच्या म्युझिक अकादमीची वार्षिक परिषद संगीत कलानिधी ही पदवी देते. 1966 साली ती पालघाट मणि अय्यरांना दिली गेली. मृदंगवादकाला हा मान त्यापूर्वी मिळालेला नव्हता. परिषदेचा अध्यक्ष म्हणून मृदंगवाला मधोमध बसला आणि गायक-वादक त्याच्या पुढे बसले. अमेरिकेत तर तालवादकांची एक स्वतंत्र संस्थाच 1961 साली निघाली, आणि 1976 पासून तिचे वार्षिक अधिवेशन भरत आले आहे. तेथे व्याख्याने होतात, वाद्यांचा बाजार मांडतात, शाळांतली पोरे आणि जगप्रसिद्ध ड्रमवादक एकाच दालनातून हिंडतात. तेथे साथ कोणाची, हा प्रश्नच उद्‌भवत नाही.

आपल्याकडे असा दिवस उगवला तो एका मृत्यूतून. उस्ताद अल्लारखाँ मूळ जम्मूकडचे. पंजाब घराण्याच्या मियाँ कादरबक्षांचे शिष्य. मुंबईच्या रेडिओवर त्यांनी नोकरी केली, ए. आर. कुरेशी ह्या नावाने चित्रपटांना संगीत दिले, आणि रविशंकरांच्या सतारीबरोबर जग पालथे घातले. 1967 साली माँटेरे, 1969 साली वुडस्टॉक. कित्येक परदेशी श्रोत्यांना सतारीशेजारचे हे दोन लहान नगारे कोणते, हा प्रश्न त्यांच्यामुळे पडला. रविशंकरांनी तबल्याला मैफलीत बोलू दिले, हेही नमूद करावयास हवे; प्रत्येक सतारिया इतका उदार नसतो. 3 फेब्रुवारी 2000 रोजी अल्लारखाँ मुंबईत वारले. त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला झाकिर हुसेन आणि त्यांच्या भावांनी वडिलांची बरसी मुंबईत भरवायला आरंभ केला. षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या ह्या बरसीला तबल्याचे निरनिराळे बाज येत, पखवाज येई, दक्षिणेचा मृदंग आणि घटम् येई, परदेशचे ड्रम येत. गवई आला तर पाहुणा म्हणून.

ह्यात मला थोरवी वाटते ती पाहुण्यांच्या निवडीची. झाकिर हुसेन तालवादकांचा जो संच घेऊन परदेशी जात, त्यात ढोलकीवाले विजय चव्हाण होते. ढोलकी, म्हणजे तमाशाच्या बोर्डावरची, कमरेला बांधून उभ्याने वाजविण्याची! ती परदेशच्या रंगमंदिरात तबल्याच्या मांडीला मांडी लावून बसली. 15 डिसेंबर 2024 रोजी झाकिर हुसेन गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या केसांवर आणि चहाच्या जाहिरातीवर पुष्कळ शाई खर्चली. ढोलकीला दिलेल्या ह्या जागेवर थोडी खर्चली असती तर बरे झाले असते.

आता आमच्या घरचे पाहू. जळगाव आणि धुळे यांच्या टापूत ताल काही कमी नाही. कानबाईच्या उत्सवात तो आहे, गोंधळ्याच्या संबळात आहे, वहीगायनात आहे, तमाशाच्या गणाआधी झडणाऱ्या ढोलकी-हलगीत आहे. धुळ्यातून 1998 साली वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, काठीची होळी असते. कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले भिल्ल तरुण मोठाल्या ढोलांच्या नादावर रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटेच. तालाचे संमेलन म्हणून दुसरे काही भरवायलाच नको. ते तेथे आपोआप भरलेले असते.

आणि ह्याच मुलखात, इतर महाराष्ट्राप्रमाणेच, हलगीवाला पाहुण्याला वेशीपासून वाजत आणतो आणि मांडवाच्या दाराशी थांबतो. पुढारी येवो, साहित्यिक येवो की शाळा तपासणारे साहेब, त्यांचे स्वागत ज्याच्या हातून घडते त्याला आत खुर्ची नसते. हे वाजविणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या जातीवर लादलेले काम होते. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी धर्मांतर केल्यावर ठिकठिकाणच्या अनेक माणसांनी असली गावकामे टाकली, त्यांत डफडे वाजविणेही होते. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही गेली. सांस्कृतिक ठेवा बुडाला म्हणून हळहळणारे काही सज्जन मला भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की हा ठेवा होता तेव्हा आपण तो आपल्या ओटीवर चढू दिला होता काय? ज्याने हलगी खाली ठेवली त्याने तालाशी वैर धरले नाही. उभे राहण्याशी धरले. आणि ज्याने ती ठेवली नाही, आजही जो मिरवणुकीपुढे बोटांना चिंधी बांधून तासन्‌तास वाजवितो, त्याच्या लयीच्या पक्केपणाला पदवीधर तबलजींनी कान लावून पाहावे.

म्हणून जळगावला किंवा धुळ्याला तालवादकांचे वार्षिक संमेलन भरवावे असे कोणी मनावर घेतले (बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावला आहे, जागेची अडचण नाही), तर स्वागत समितीला हार-नारळाची चिंता फारशी करावी लागणार नाही. तबलेवाल्यांना ओल नसलेली खोली आणि हातोडी विसरली तर दुसरी हातोडी, एवढे पुरते. पखवाजवाल्याच्या धुमेला लावायला ताजी कणीक मळून द्यावी लागेल. ती घट्ट किती हे ज्याचे त्याला विचारावे. हस्तपत्रिकेवर सर्वांची नावे एका टायपात छापावी. लेहरा धरणाऱ्या पेटीवाल्याचेही छापावे, नाहीतर जुनाच अन्याय उलटा होऊन बसेल. वाद्याला पुडी चढविणाऱ्या, शाई घोटणाऱ्या कारागिराला पहिल्या रांगेत जागा राखावी. काठीचे ढोल बंदिस्त दालनात कानठळ्या बसवितील, तेव्हा त्यांना उघड्यावरच मांडावे. आणि हलगीवाले आले तर चामडे ताणण्याकरिता त्यांना जाळ लागतो. नाट्यगृहाच्या आवारात विस्तव पेटवायची मनाई असते. तेवढी एक परवानगी महानगरपालिकेकडून आधी लेखी घेऊन ठेवावी.