बदामाचा केक, साच्याविना

केक फुगवायला पूर्वी यीस्ट लागे, नाहीतर हात भरून येईपर्यंत अंडी फेटावी लागत. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली, तीही बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून! सोडा आणि आम्ल ओले झाले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ हलकं होतं. घरगुती केकवर सर्वांत मोठे उपकार त्याचेच.

महाराष्ट्रात भट्टी असायची बेकरीत. दिवाळीची नानकटाईसुद्धा तिथूनच भाजून आणत. घरचा केक मात्र शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये, तापलेल्या वाळूवर.

बदामाच्या आकाराला वेगळा साचा कशाला? आठ इंची चौकोनी केकचा एक कोपरा आपल्याकडे करायचा आणि तेवढ्याच व्यासाच्या गोल केकचे दोन अर्धे पलीकडच्या दोन बाजूंना चिकटवायचे. सांधे आयसिंगखाली झाकले जातात.