धर्मभाषा, महानुभावांची

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीला लागून असलेल्या रामटेकचे नाव महानुभाव पंथाच्या आरंभकथेतच येते. परंपरेनुसार गुजरातेतील हरिपाळदेव, म्हणजे पुढचे पंथसंस्थापक चक्रधरस्वामी, रामटेकच्या यात्रेसाठी घरून निघाले आणि रिद्धपूरला (जि. अमरावती) त्यांना गुरू गोविंदप्रभू भेटले. काळ तेराव्या शतकाचा. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरातील यादव रामचंद्राच्या काळचा (कार. १२७१–१३११) शिलालेख मात्र संस्कृतात आहे. टेकडीवरची तीर्थे त्यात वर्णिली आहेत. ते वर्णन वाचायला पंडितच हवा.

चक्रधरांनी निरूपण मराठीत केले. आद्य आचार्य नागदेव यांनी तोच दंडक पाळला. केशिराजबास हे संस्कृतचे जाणकार. पण त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचू नये, कारण पंथातल्या वृद्ध बाया त्याला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याचे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. धर्मग्रंथ कुणासाठी, याचे इतके स्वच्छ उत्तर प्राचीन मराठीत दुसरे नाही.

म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ (सु. १२७८) हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ समजला जातो. म्हाइंभट स्वतः शास्त्री. ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून त्यांनी एकेक लीळा मिळवली. एकाच प्रसंगाच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर पोथ्यांत दोन्ही ठेवल्या जातात. वेगळ्या आठवणीला ‘वासना’ म्हणतात आणि ती कुणाची तेही नोंदवतात. भक्तीचे आदरार्थी शब्दप्रयोगही इथेच घडलेले दिसतात : गोसावी (म्हणजे चक्रधर) जेवत नाहीत, त्यांना ‘आरोगणा’ होते; ते झोपत नाहीत, त्यांना ‘पहुड’ होतो; ते निघत नाहीत, ‘बिजें’ करतात. वाक्ये मात्र घरात बोलावीत तशी आखूड. पद्यही मराठीतच : चक्रधरांची शिष्या महदाइसा हिचे धवळे (लग्नगीते) गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवासाठी रचले गेले.

पुढे सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत हे वाङ्मय बंदिस्त झाले. कारणांविषयी मतभेद आहेत. सकळ लिपीचा उलगडा वि. का. राजवाडे यांनी केला. पंजाबात हा पंथ ‘जयकृष्णी’ नावाने ओळखला जातो. तिकडेही धर्मग्रंथ मराठीच.



अभ्यास : वि. भि. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली, तिच्यातील काही मजकुरावर पंथातून आक्षेप आले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र १९८४ मध्ये इंग्रजीत आणले. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.