नाणेघाटाची वाट : बौद्ध इतिहास आणि बहुशास्त्रीय संशोधन

प्राचीन बौद्ध इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा लेणी, स्तूप आणि ग्रंथ यांवर खिळते. त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या वाटांकडे मात्र आपण क्वचितच पाहतो. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे अशाच एका वाटेवरचे गाव आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा आजचा महामार्ग टोकावड्यातून वैशाखऱ्याकडे जातो आणि तेथून पुढे नाणेघाटाची जुनी पायवाट सह्याद्री चढू लागते. घाटमाथा ओलांडला की जुन्नरचे खोरे लागते. सातवाहनकाळी सोपारा व कल्याण या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरकडे आणि तेथून प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जात असे.

या एका वाटेचा इतिहास कोणत्याही एका शास्त्राने सांगितलेला नाही. लिपिशास्त्र, पुरातत्त्व, नाणकशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित आणि समाजशास्त्र या सर्वांनी त्यात आपापला वाटा उचललेला आहे. त्यांच्यापैकी एकाचीच साक्ष ऐकली तर निष्कर्ष किती एकांगी होतो, आणि सर्वांच्या साक्षी एकत्र ठेवल्या तर बौद्ध समाजजीवनाचे चित्र किती स्पष्ट होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घाटातील राजलेख

नाणेघाटाच्या माथ्यावरील गुहेतील ब्राह्मी लेखाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले ते कर्नल विल्यम साइक्स यांनी, १८२८ साली. त्या वेळी ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या लेखांची लिपी उलगडली आणि मग नाणेघाटाचे अक्षर बोलू लागले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखाचा व त्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला, आणि जॉर्ज ब्यूलर यांनी १८८३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले.

लेखाचा आशय निःसंदिग्ध आहे. आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम अशा श्रौत यज्ञांची यादी येते, आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, नाणी यांची मोजदाद येते. गुहेत सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार आणि महारठी त्रणकयिर यांच्या प्रतिमा होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत. वरची नावे तेवढी शिल्लक आहेत.

या लेखाचे महत्त्व गणिताच्या इतिहासातही मोठे आहे. दान मोजताना कोरलेली अंकचिन्हे ही भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. दहा, शंभर, हजार यांना येथे स्वतंत्र चिन्हे आहेत; स्थानमूल्य आणि शून्य यांचा वापर नाही. अंकांचा विकास कोणत्या पायऱ्यांनी झाला हे सांगताना जगभरचे गणित-इतिहासकार म्हणून नाणेघाटाचा दाखला देतात.

आता प्रश्न असा की, केवळ हा लेख हाती असलेला अभ्यासक या वाटेविषयी कोणता निष्कर्ष काढील? तो म्हणेल की हा यज्ञसंस्थेचा प्रदेश होता आणि येथील संपत्ती राजाकडून पुरोहिताकडे जात होती. लेखाच्या मर्यादेत हा निष्कर्ष खोटा नाही, पण तो वाटेचा इतिहास नव्हे. तो राजकुळाने स्वतःविषयी जे सांगितले त्याचा इतिहास आहे.

२. वाटेच्या दोन टोकांचे दानलेख

त्याच घाटात पाण्याच्या टाक्याजवळ एक लहान लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते पोढीचे, म्हणजे टाक्याचे, दान दिल्याची त्यात नोंद आहे. येथे ना यज्ञ आहे, ना बिरुदावली. बंदरातून निघालेल्या माणसाने चढणीवर थकलेल्या वाटसरूला पाणी मिळावे अशी सोय केली, एवढेच तो लेख सांगतो.

घाट ओलांडून जुन्नरला पोहोचले की चित्र अधिक उलगडते. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य बौद्ध आहेत. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कोणी दिले? तेथील लेख सांगतो की ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा. कोणी त्याचा अर्थ सोनार करतात, कोणी कोषाधिकारी. कल्याणच्या माणसाचे दान जुन्नरच्या डोंगरात उभे राहते. या दोन ठिकाणांमधील सरळ वाट मुरबाड-टोकावड्याच्या मुलखातून नाणेघाट चढते.

जुन्नरच्या इतर दानलेखांतून याहून व्यापक समाज समोर येतो. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणारे व कांस्यकार यांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्या जात. इरिल, चिट आणि चंद हे तीन दाते स्वतःला यवन म्हणवितात. त्यांपैकी एकाने टाकी, एकाने भोजनमंडप आणि एकाने गर्भद्वार दिले. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेही येथे दान केले. वाटेच्या दुसऱ्या बाजूला, कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते वारंवार येतात आणि कल्याणमधील अंबालिका विहाराचा उल्लेखही तेथे आढळतो.

या दात्यांत गृहपती, कारागीर, परदेशी, भिक्खुणी आणि उपासिका आहेत. जन्माने ठरलेली उतरंड या दानयादीत दिसत नाही. नाणेघाटाच्या राजलेखात संपत्ती वरच्या वर फिरते. जुन्नरच्या दानलेखांत ती व्यवसाय करणाऱ्या सामान्य माणसांकडून संघाकडे येते आणि लेणे, पाणी, भोजनमंडप यांच्या रूपाने सर्वांसाठी खुली होते. एकाच वाटेवर, जवळजवळ एकाच कालखंडात, समाजाच्या दोन कल्पना शेजारी-शेजारी नांदत होत्या.

३. खडक, पाऊस आणि नाणी

लेखांनी जे सांगितले त्याला निसर्गविज्ञानाची जोड दिली की आणखी काही उलगडते. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांत घट्ट थर आणि पोकळ, सच्छिद्र थर आलटून पालटून येतात. लेणी कोरणाऱ्यांना योग्य थराची पारख होती, म्हणूनच रुंद मंडप आणि सपाट छते दोन हजार वर्षे टिकली.

पावसाचेही तसेच. कोकणात जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. त्यानंतरचे आठ महिने कोरडे जातात. वर्षावासात भिक्खूंना स्थिर निवाऱ्याची गरज होती, आणि उरलेल्या काळात वाटसरूंना व संघाला साठविलेल्या पाण्याची. लेण्यांच्या शेजारची टाकी या गरजेतून निर्माण झाली. सांची परिसरात पुरातत्त्वज्ञ ज्युलिया शॉ आणि जलशास्त्रज्ञ जॉन सटक्लिफ यांनी प्राचीन धरणांची पाहणी करून बौद्ध वसाहती आणि सिंचन यांचा संबंध दाखविला. धरणांतील गाळाचे कालमापन प्रयोगशाळेत करण्यात आले. असा अभ्यास नाणेघाट-जुन्नरच्या टाक्यांचाही सविस्तर व्हावयास हवा. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे लक्षात घेतले तर या विषयाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक राहत नाही.

नाण्यांची साक्ष सोपाऱ्यात मिळाली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या धातूंच्या व स्फटिकाच्या करंड्या, बुद्ध व मैत्रेय यांच्या लहान मूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. त्याचबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले. या एका लहानशा नाण्यामुळे अभ्यासकांना त्या निक्षेपाचा काळ ठरविण्यास आधार मिळाला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्याचा. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-वृत्तांतात सोपारा व कल्याण ही दोन्ही बंदरे येतात. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. क्षत्रप-सातवाहन संघर्षाची झळ बंदरांना आणि पर्यायाने या वाटेला कशी लागली, हे त्यावरून कळते.

४. गणितज्ञाने केलेला इतिहास

या सर्व साक्षी एकत्र गुंफण्याचे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी घडविले त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांनी पाली साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. मुलगा व्यवसायाने गणितज्ञ होता आणि १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता.

आहत नाण्यांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी संख्याशास्त्राचा उपयोग केला. चलनात फिरणारे नाणे झिजते, त्याचे वजन कमी होते, आणि जितका काळ ते फिरते तितका एका गटातील नाण्यांच्या वजनांमधील फरकही वाढतो. ही कल्पना त्यांनी आधी आपल्या काळातील चलनी नाणी वजन करून पडताळली आणि मग तक्षशिलेच्या निधींना लावली. ज्या नाण्यांवर एकही अक्षर नाही त्यांच्याकडून त्यांनी कालक्रम वदवून घेतला.

तेच कोसंबी सुट्टीत पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवीत. सूक्ष्म दगडी हत्यारे कोठे सापडतात, गावदेवीची ठाणी कोणत्या तिठ्यावर आहेत, आणि लेणी कोणत्या घाटाच्या तोंडाशी आहेत, यांची ते सांगड घालीत. लेणी निर्जन अरण्यात नसून व्यापारी वाटांच्या सांध्यांवर आहेत, आणि विहार हे दख्खनच्या अर्थजीवनाचे सक्रिय घटक होते, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. १९६३ साली त्यांनी भारतविद्येतील एकत्रित पद्धतींवर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे हिमांशु प्रभा राय यांनी १९८६ च्या ग्रंथात विहार व श्रेणी यांच्या संबंधांचा विस्ताराने अभ्यास केला.

५. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची संशोधनदृष्टी

आपल्या समाजाला ही दृष्टी परकी नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात त्यांनी धर्मशास्त्रे, चिनी यात्रेकरूंची वृत्ते आणि मानवमिती या सर्वांचा आधार घेतला. वांशिक भेदातून अस्पृश्यता निर्माण झाली हे मत त्यांनी डॉ. घुर्ये यांनी जमविलेल्या शरीरमापांच्याच आधारे खोडून काढले. ‘पांगलेल्या माणसां’चा सिद्धांत मांडताना आयर्लंड आणि वेल्समधील तत्सम समाजगटांची तुलना केली. विशेष हे की, जेथे पुरावा अपुरा होता तेथे आपला निष्कर्ष हा पडताळणीसाठी मांडलेला सिद्धांत आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

६. मोजपट्टी एकच हवी

नाणेघाट आपली परीक्षा पाहतो ती येथेच. ती गुहा बौद्ध लेणे आहे असे काही उत्साही मंडळी सांगतात. लेख तसे सांगत नाही, आणि आपण तसे म्हणू नये. घाटातील दगडी रांजण जकातीचा होता, ही समजूतही लोकप्रिय आहे. लेखात जकातीचा उल्लेख नाही. लेखाच्या काळाविषयीही मतभेद आहेत. ब्यूलर यांनी तो इ. स. पू. दुसऱ्या शतकात नेला, तर नंतरच्या लिपितज्ज्ञांनी अक्षरवळणावरून तो पहिल्या शतकात आणला.

पण हीच मोजपट्टी लेण्याद्रीलाही लावावी लागते. आज गणेशस्थान म्हणून प्रसिद्ध असलेले तेथील सातवे लेणे वीस खोल्यांचा बौद्ध विहार आहे, आणि शेजारीच सुलसदत्ताचे चैत्यगृह उभे आहे. जो पुराव्याच्या आधारे नाणेघाटाविषयीचा आपला दावा सोडतो, त्यालाच लेण्याद्रीविषयीचा दावा ठामपणे करण्याचा अधिकार पोहोचतो. श्रद्धेने केलेल्या अतिशयोक्तीला प्रतिपक्ष एका वाक्यात खोडून काढतो; खडकावरील अक्षराला तो खोडू शकत नाही.

काम पुष्कळ बाकी आहे. दात्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. कान्हेरीच्या एका लेखात शैलवर्धकी, म्हणजे पाथरवट, यांचा उल्लेख तरी आला आहे. पण ज्यांनी नाणेघाटाची खिंड फोडली, ज्यांनी ओझी वाहिली, ज्यांनी वाटेवर पहारा केला, त्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. मुरबाड-शहापूरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि पूर्वाश्रमीच्या महार वस्त्यांतील स्थळनामे, वाटांच्या आठवणी, जुनी टाकी आणि पडीक वाटा यांची शास्त्रशुद्ध नोंद झाली तर त्या मूक माणसांचाही इतिहास हाती लागू शकेल. याला मोठा निधी लागत नाही. पाली-प्राकृत जाणणारा, भूगोल शिकलेला, संख्याशास्त्र येणारा आणि खेड्यातील माणसाशी बोलू शकणारा असे चार तरुण एकत्र आले, तर त्यांना टोकावड्यापासूनच आरंभ करता येईल.