संस्कृत व पाली भाषांतील पुरुषवाचक सर्वनामे

संस्कृतात बोलणाऱ्यासाठी 'अस्मद्' आणि ऐकणाऱ्यासाठी 'युष्मद्' ही सर्वनामे आहेत. त्यांची रूपे तिन्ही लिंगांत सारखीच असतात. पालीत त्यांची मूळ रूपे 'अम्ह' व 'तुम्ह' अशी मानतात.

संस्कृत

प्रथमेची रूपे तीन वचनांत अशी होतात :
* अस्मद् – अहम्, आवाम्, वयम्
* युष्मद् – त्वम्, युवाम्, यूयम्

द्वितीया, चतुर्थी व षष्ठी या विभक्तींत लघुरूपेही आढळतात. चतुर्थी व षष्ठी यांच्या एकवचनात 'मे', 'ते', तर तिन्ही विभक्तींच्या बहुवचनात 'नः', 'वः' होतात. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'तील नियमांनुसार (८.१) ती वाक्याच्या किंवा श्लोकचरणाच्या आरंभी येत नाहीत.

पाली

पालीत द्विवचन लोप पावले. दोघांसाठीही बहुवचनच वापरतात.
* अम्ह – अहं, मयं, अम्हे
* तुम्ह – त्वं, तुवं, तुम्हे

'वयम्'मधील आद्य 'व'च्या जागी 'मयं'मध्ये 'म' आला, तो एकवचनी रूपांच्या प्रभावाने. चतुर्थी-षष्ठीत 'मम, मय्हं, मे' आणि 'तव, तुय्हं, ते' ही रूपे आहेत. शिवाय 'मे', 'ते' तृतीयेतही येतात. त्यामुळे 'पुत्तो मे दिट्ठो' याचा अर्थ 'मी मुलगा पाहिला' किंवा 'माझा मुलगा दिसला' असा दोन प्रकारे होतो. निर्णय संदर्भावरून करावा लागतो.

मराठीशी संबंध

'मह्यम्'पासून पालीत 'मय्हं', तर माहाराष्ट्री प्राकृतात 'मज्झ' झाले. मराठीतील 'माझा' हा पालीतून नव्हे, तर या प्राकृत रूपातून आला. 'आम्ही', 'तुम्ही' यांचे मूळही प्राकृतातील 'अम्हे', 'तुम्हे' यांत आहे.