पुनश्च सौना

स्नान हे आपल्याकडे धर्माचे अंग मानले गेले; म्हणून त्याचा इतिहास शोधताना आपण घाटांकडे, कुंडांकडे आणि तीर्थक्षेत्रांकडे वळतो. युरोपच्या उत्तर टोकास मात्र एका लहानशा राष्ट्राने आपले तीर्थ घराच्या परसातच बांधले. फिनलंडमधील सौना हे ते तीर्थ होय. आज त्या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लक्ष आहे, आणि सौनांची संख्या ३० लक्षांहून अधिक भरते. ह्या आकड्यांवरून सौनाचा प्रवास अखंड भरभराटीचा असावा असा तर्क कोणी केला, तर तो फसेल. आमच्या मते सौनाचा खरा इतिहास दुरावण्याचा आणि परतण्याचा आहे.

जुना सौना धुराचा. ओंडक्यांची खोली, कोपऱ्यात नुसत्या दगडांनी रचलेली चूल, आणि धुराडे मुळीच नाही. कित्येक तास लाकडे जाळावयाची. विस्तव विझला की धूर बाहेर जाऊ द्यावयाचा आणि मग तप्त दगडांवर पाणी शिंपावयाचे. त्यातून उठणाऱ्या वाफेस फिनी भाषेत ‘लोइलू’ म्हणतात. हंगेरियन भाषेतील आत्मा ह्या अर्थाचा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. अंगावर हलके हाणण्यासाठी भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी असे. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, त्याच्याच कुळातील हा वृक्ष. ह्या खोलीत बायका बाळंत होत, आणि गेलेल्या माणसाला अखेरचे स्नानही येथेच घालीत. प्रार्थनामंदिरात वागावे तसे सौनात वागावे, असा तेथील वडीलधाऱ्यांचा दंडक होता, तो उगीच नव्हे.

शेतकरी कारखान्यांच्या गावी आला तेव्हा परसाचा सौना मागे राहिला. कामगारांच्या घरांत न्हाणीघरे नव्हती. म्हणून सार्वजनिक सौना उभे राहिले. टाम्पेरे शहरातील पिस्पाला वस्तीत १९०६ साली सुरू झालेला राजापोर्टी हा आजही चालू असलेल्या सार्वजनिक सौनांत सर्वांत जुना. हेलसिंकीच्या कालियो ह्या कामगार वस्तीतील कोटिहार्यू १९२८ चा. तेथे दर आठवड्यास शेजारी शेजाऱ्याला भेटे, आणि अंगावरील वस्त्रांबरोबर मानमरातबही खुंटीला टांगून आत जाई.

पुढे युद्ध आले. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत संघाने कारेलिया प्रांताचा मोठा भाग घेतला. तेथील चार लक्षांहून अधिक लोकांनी घरदार सोडून उरलेल्या फिनलंडची वाट धरली. १९४१ साली युद्ध पुन्हा पेटले, प्रांत परत हाती आला, आणि ह्या निर्वासितांपैकी बहुसंख्य लोक आपापल्या गावी परतले. कित्येकांची घरे जळालेली होती. नव्या जागी आधी सौना बांधावा, घर पुरे होईपर्यंत त्यातच राहावे, ही त्या देशातील जुनी रीत. चुली पुन्हा रचल्या गेल्या, शेते नांगरली गेली. आणि १९४४ साली हे सारे दुसऱ्यांदा, कायमचे, सोडावे लागले. १९४५ च्या कायद्याने त्यांना अन्यत्र जमिनी मिळाल्या. सोव्हिएत अमदानीच्या अखेरच्या वर्षांत सीमा सैल झाली, तेव्हा वृद्ध कारेलियन आपली जन्मगावे पाहावयास गेले. अनेकांना तेथे पायाचे दगड तेवढे दिसले. ज्या सौनात आपण जन्मलो, त्याची जागा गवतातून धुंडाळणाऱ्या त्या माणसांना परत येणे आणि परत मिळणे ह्यांतील अंतर कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

दुसरा दुरावा सुबत्तेने आणला. १९५० नंतर सदनिकांतून स्नानगृहे आली, मग विजेच्या चुलीचे खाजगी सौना आले. सार्वजनिक सौना एकामागून एक बंद पडले. शत्रूने जे हिरावून नेले त्यासाठी लोक रडले. सोयीने जे नेले ते गेल्याचे प्रथम कोणाच्या ध्यानातही आले नाही. राजापोर्टीवरही मोडण्याची पाळी आली होती. परंतु पिस्पालाच्या रहिवाशांनी मंडळ स्थापून तो वाचविला आणि चालविला. हेलसिंकीत २०१३ साली कुल्टूरिसौना व २०१६ साली समुद्रकाठचा लोइलू उभा राहिला. घरी सौना असलेली माणसेही पुन्हा परक्यांच्या शेजारी लाकडी बाकावर बसू लागली. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सौनासंस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

ऊब तर घरीही होती. मग ही माणसे परतली कशासाठी? आमच्या मते शेजारासाठी. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या वाचकांस हे कळावयास कठीण जाऊ नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणे आणि ऊन पाणी सरकारी बंगल्यातही मिळते. परंतु न्हाणीबाहेर ‘आटप लवकर’ म्हणून ओरडणारी भावंडांची रांग सरकारी सामानाच्या यादीत नसते. संस्था दगडाविटांनी टिकत नाहीत. त्या एकमेकांची वाट पाहणाऱ्या माणसांनी टिकतात. कारेलियाचे दगड जागच्या जागी राहिले, पण त्यांवर पाणी शिंपणारे कोणी उरले नाही. पिस्पालाची चूल मात्र शंभर वर्षे उलटल्यावरही धगधगते आहे, कारण ती विझू लागली तेव्हा शेजारी लाकडे घेऊन आले.