छापील पोथीचे सोवळे

शके १७५३ चे, म्हणजे १८३१ सालचे पंचांग मुंबईत गणपत कृष्णाजींच्या शिळाछापावर छापून निघाले, तोवर पंचांग ही हाताने उतरवून घ्यायची वस्तू होती. जोशीबुवा दरवर्षी नवी नक्कल करायचे आणि पाडव्याला यजमानांच्या घरी वाचून दाखवायचे. गणपत कृष्णाजी जातीने भंडारी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या माणसाने स्वतःच यंत्र जुळवले, शाईही स्वतःच तयार केली. छापण्याच्या शाईत चरबी असते, असा संशय सोवळ्यातल्या मंडळींना होता. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले.

तोपर्यंत छपाई काही नवी राहिली नव्हती. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, पण रोमन लिपीत. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली दूर बंगालात, श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले. त्याच वर्षी मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. एवढे होऊनही मराठी घरात वाचली जायची ती हातची पोथीच.

आणि त्या पोथीत माणसाचे कष्ट दिसत. बोरू, काजळाची शाई, जुन्नरी कागद, चुकलेल्या अक्षरावर हरताळ. नक्कल संपली की पाठ मोडली, मान अवघडली, आता हा ग्रंथ जपा, अशी विनवणी लेखक शेवटच्या पानावर करत. पोथी लिहवून दान करण्यात पुण्य होते. यंत्रातून एका दिवसात शेकडो प्रती निघू लागल्यावर त्या पुण्याचा हिशेब कसा मांडायचा, हा प्रश्न तेव्हाच्या श्रद्धाळूला खराच पडला असणार. आज त्याला हसणे फार स्वस्त आहे.

गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये नोंदवले आहे, की छापलेल्या कागदाला हात लावायला भिणारे ब्राह्मण तेव्हाही होते. म्हणजे पहिल्या छापील पंचांगाला तीस वर्षे उलटल्यावरही. अर्थात ही नोंद त्यांनी छापील पुस्तकातच केली.

पंचांग आधी छापले गेले, यात व्यवहार दिसतो. ते दरवर्षी नवे लागते आणि वर्ष सरले की निरुपयोगी होते. पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्यात राहणाऱ्या ग्रंथाइतका जीव त्यात कुणाचा गुंतलेला नसतो. बाळशास्त्री जांभेकरांची ज्ञानेश्वरी छापून आली ती १८४५ मध्ये, तीही शिळाछापावर. शिळाछापात अक्षर हाताचेच उमटते, कारण लिहिणारा बोरूवालाच असतो. धार्मिक ग्रंथांचा आकारही पोथीचाच राहिला: आडवी, सुटी पाने, ना शिवण ना पुठ्ठा. नव्या वस्तूने जुनीचे कपडे घातले. पडद्यावर पान उलटल्याचा भास घडवणारे ई-वाचक यापेक्षा फार वेगळे करत नाहीत.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरूंनी घडवलेल्या खिळ्यांचे सुबक वळण आणि शुद्ध छपाई यांमुळे निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांना पंडितांमध्येही मान मिळाला. तुपाच्या शाईचा वाद कुणी जिंकला असे झाले नाही, त्याबद्दल कुणी विचारेनासे झाले. मात्र किंमत मोजावी लागलीच. छपाईने बाळबोध लिपी पसरवली आणि मोडी दफ्तरांत अडकून पडली. प्रतीगणिक बदलणाऱ्या पाठांच्या जागी एकच पाठ रुजत गेला.

छपाईनंतरचे पुढचे पाऊल ई-पुस्तकाचे. अमेझॉनच्या किंडल या ई-वाचकावर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली २०१६ च्या अखेरीस. आजच्या वाचकाने मात्र शंका घ्यायची तर ती शाईची नव्हे, मालकीची घ्यावी. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या घोळापायी जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, कंपनीप्रमुखाने माफीही मागितली, पण दुकानदाराचा हात वाचकाच्या घरात पोचतो हे सगळ्यांना दिसले. रुमालात बांधलेली पोथी भाच्याला देता येत होती. ई-पुस्तकाच्या बाबतीत ते दुकानाच्या अटी ठरवतात.

गुरुचरित्राची सुट्या पानांची छापील पोथी आजही पूजासाहित्याच्या दुकानात मिळते आणि त्याच ग्रंथाची अ‍ॅप मोबाइलवर आहेत. आता पारायणाला बसताना सोवळ्यात मोबाइल चालतो का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले जाते.