गोफण : रानातून मैदानाकडे

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या शस्त्रांचा विषय निघाला म्हणजे आपणांस प्रथम परांड्याची आठवण होते, आणि ते साहजिकच आहे. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली प्रचंड मुलूख-मैदान तोफ पुढे याच किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. परंतु ज्या आयुधाने आपल्या वाडवडिलांची भाकरी राखिली, ते कोणत्याही बुरुजावर नव्हते. ते घरातील खुंटीस टांगलेले असे. ते आयुध म्हणजे गोफण.

हिचे वय थोडेथोडके नाही. सुश्रुताने जखमेवर बांधावयाचे जे चौदा बंध सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नावच ‘गोफणा’ असे आहे. हनुवटीसारख्या भागास मधल्या खोलगटात धरणारा हा बंध गोफणीच्या आकाराचा असल्याने त्यास ते नाव मिळाले. वैद्याने उपमेसाठी घ्यावी, इतकी ही वस्तू त्या काळी घरोघरी परिचित असली पाहिजे. मराठीतील ‘गोफणगुंडा’ हा जोडशब्दही त्याच परिचयाची साक्ष देतो.

रचना अगदी साधी. मध्ये विणलेली खोळ व दोन बाजूंस दोन दोऱ्या. एका दोरीचा फास बोटात अडकवावयाचा, दुसरीचे टोक चिमटीत धरावयाचे, आणि डोक्यावरून फिरवून नेमक्या क्षणी चिमटी सोडावयाची. सारी विद्या त्या एका क्षणात आहे. तो क्षण चुकला म्हणजे काय होते, हे मी लहानपणी अनुभविले आहे: ज्वारीतील पाखरांसाठी सोडलेला माझा गुंडा बांधावरील पाण्याच्या घागरीवर गेला, व त्या दिवशी मचाणावरून मला खाली उतरविण्यात आले!

गोफण तोफेने मारली नाही, बंदुकीनेही नाही. गेल्या काही दशकांत आपल्या जिल्ह्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीनला कणीस नसते. कणीस नाही म्हणून पाखरे नाहीत, पाखरे नाहीत म्हणून राखण नाही. मुलांच्या हातून ही विद्या गेली ती आळसाने नव्हे, कामच उरले नाही म्हणून. जे काम म्हणून टिकणे शक्य नाही, ते खेळ म्हणून टिकेल काय, एवढाच प्रश्न आहे.

भूमध्य समुद्रातील बालेआरिक बेटांनी याचे उत्तर दिले आहे. तेथील आया भाकरी उंच खांबावर ठेवीत, आणि मुलाने गोफणीने नेम साधल्याखेरीज ती त्यास मिळत नसे, असे प्राचीन इतिहासकार लिहितात. इ. स. पूर्व १२३ मध्ये रोमन सेनापती मेतेल्लस याने या बेटांवर स्वारी केली, तेव्हा गुंड्यांपासून बचावासाठी त्यास जहाजांवर चामडी पसरावी लागली. युद्धातील त्या गोफणीचे आज तेथे काही प्रयोजन नाही. तरीही ठरलेले अंतर, ठरलेले लक्ष्य व खेळाची स्वतंत्र संघटना यांच्या बळावर तेथे तिच्या स्पर्धा भरतात.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खो-खो हा आपल्या गावचाच खेळ. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याच्या नियमांना आकार आला, म्हणून गावोगावच्या मुलांना एकमेकांशी खेळता आले. आणि मैदान मुलींनाही मोकळे झाले, म्हणूनच आपल्या जिल्ह्याची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत विजयी भारतीय संघाची कर्णधार होऊ शकली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. नवे खेळाडू जुन्या वैभवाची व्याख्याने ऐकून येत नाहीत. त्यांना खेळावयास मिळाले म्हणजे येतात. हे म्हणताना मी स्वतःच एक व्याख्यान देत आहे, याची मला जाणीव आहे.

गोफणीस आज नियम नाहीत, म्हणून नवशिक्यास कोठून आरंभ करावा ते कळत नाही, आणि दगडाच्या भीतीने आईबाप त्यास धाडीत नाहीत. ही भीती खोटी नव्हे. आरंभी दगडाऐवजी चिंध्यांचा चेंडू घ्यावा, फेकणाऱ्याच्या मागे व बाजूंस कोणी उभे राहू नये, आणि समोर पत्र्याचे जुने झाकण टांगावे. नेम लागला की त्याचा आवाज साऱ्या रानास ऐकू जातो. जागेची अडचण नाही. काढणीनंतर आपली राने मोकळीच असतात. अडचण आहे ती विणणाऱ्यांची: अंबाडीच्या सुताची खोळ विणणारे आजोबा ज्या घरी अद्याप आहेत, त्या घरच्या मंडळींनी यंदाच्या मेळाव्यास त्यांना व नातवंडांना, नातींसह, एकत्र घेऊन यावे.